फ्रेंच बाई गाडीत बसली का?

आमच्या गावात एका फ्रेंच सिनेमावरून दोन तट पडले होते, असं आज कुणाला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल. पण ते खरं आहे. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपटांचा खेळ लागायचा. थेटर आईच्या चुलतभावाचं, म्हणजे मामांचं. मामांना सिनेमातलं काही कळत नव्हतं. पोस्टरवर पिस्तूल दिसलं की ते रिळांच्या पेट्या मागवून घेत. या पोस्टरवर लांब कोटातला, टोपी कपाळावर ओढलेला एक माणूस होता आणि त्याच्या हातात पिस्तूल होतं. पेट्या आल्या, लावल्या, तेव्हा कळलं की भाषा फ्रेंच आहे आणि पिस्तूल शेवटपर्यंत एकदाही उडत नाही.

भाषेची आमच्याकडे फारशी अडचण नसे. इंग्रजी खेळाला पडद्याच्या बाजूला एक 'सांगणारा' उभा असायचा. भोंग्यातून तो अहिराणीत गोष्ट सांगायचा आणि लोक पडद्याइतकेच त्याच्याकडे कान लावून बसायचे. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं होतं. या सिनेमाला पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं उमटायची, ती वाचायची आणि बोलायचं. मला ते काम फार आवडायचं. वर्गात कोणी माझं ऐकत नसे, इथे सगळं थेटर ऐकायचं.

गोष्ट अशी होती. पॅरिसमधल्या एका बड्या सोनाराची बायको एका सकाळी हातात छोटी बॅग घेऊन घरातून निघून जाते. तिला परत आणायला नवरा त्या कोटवाल्याला पाठवतो. कोटवाला तिच्या मागे मागे हिंडतो. रिकामे रस्ते, आरसे, पांढऱ्या भिंती, सिगरेटचा धूर. बोलणं जवळजवळ नाहीच. शेवटी एक रेल्वे स्टेशन. ती बाकावर बसलेली, नवरा डब्याच्या दारात हात पुढे करून उभा, कोटवाला खांबाला टेकलेला. शिटी होते, तिचा चेहरा सगळा पडदा भरून टाकतो, आणि खेळ संपतो.

पहिल्या रविवारी लोकांनी खुर्च्या बडवल्या. कारण उघड होतं. वेळ वाचवायला थेटरवाले एखादं रीळ गाळतात, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि शेवट गाळणारा मालक मात्र कोणी पाहिला नव्हता. "मालकनी शेवटलं रीळ दपाडी ठेयं!" अशी ओरड झाली. काही लपवलेलं नाही म्हणून मामांनी पेट्या उघडून दाखवल्या, तरी कोणाचा विश्वास बसला नाही.

मग आठवडाभर बाजारात दुसरं बोलणं नाही. पानवाला म्हणायचा, "हाई काय पिच्चर शे? माणूस नुसता चाली ऱ्हायना नि सिगरेट ओढी ऱ्हायना!" त्याच्यासमोरचा शिंपी त्या कोटावर लुब्ध झाला होता. असा सिनेमा जन्मात पाहिला नाही, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि माप घेता घेता त्या माणसासारखा एक खांदा पाडून उभा राहायचा. कॉलेजची पोरं पुन्हा पुन्हा येत आणि बाहेर आली की मुकाट्याने चालत. माझे हेडमास्तर म्हणाले, हे विकृत आहे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बघायला आले. पण खरं भांडण शेवटाचं होतं. ती गाडीत बसली म्हणणारे एकीकडे, नाही बसली म्हणणारे दुसरीकडे. चांगल्या घरची बाई अशी का निघाली असेल, यावर तर ज्याला त्याला मत होतं. दागिना मनासारखा मिळाला नसेल, दुसरा कोणी असेल, डोकं फिरलं असेल.

मी हे ऐकायचो आणि माझं रक्त तापायचं. कारण माझ्या घरातही एक निघून आलेली बाई होती.

माझी धाकटी बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सण सरला की सासरची माणसं येऊन घेऊन जातात. ती गेली नाही. तापीकाठी तिचं सासर, केळीचे मळे, ऊस, दारात बैलजोड्या, कुठे बोट ठेवायला जागा नाही. नवरा हात उचलायचा. आईला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पण वडिलांसमोर असलं काही बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. वडिलांचं एकच म्हणणं, पोर सासरीच शोभते. शेवटी समाजाच्या पंचांची बैठक ठरली. रविवारी दुपारी, आमच्याच ओट्यावर. तिला परत धाडायचं की काडीमोड द्यायची, याचा निकाल तिथे लागणार होता. पंचांत मामाही होते आणि त्यांचा कल तिला परत धाडण्याकडे होता.

त्या रविवारी बहिणीचा नवरा आणि सासरा सकाळच्या गाडीने उतरले. मामांनी पाहुणचार म्हणून त्यांना थेट थेटरात नेऊन पहिल्या वर्गात बसवलं. आई आणि बहीण बायकांच्या बाजूला, लाकडी आडोशापलीकडे बसल्या होत्या. बहीण तो सिनेमा त्याआधीही पाहून गेली होती. तिला आज येऊ नकोस म्हणालो तर ती म्हणाली, घरी बसून तरी काय करू?

खेळाआधी मामांनी मला गाठलं. "भाचा, आज शेवट नीट सांग. ती गाडीमा बठनी, नवराना पाया पडनी, खेळ खलास."

"मामा, पडदावर तसं दखाडेल नही शे."

"दखाडेल नही म्हनीसन तर तुले उभा करेल शे!" ते दात आवळून म्हणाले. "पाहुणा बठेल शे. दुपारले पंच बसतीन. समजनं ना?"

मला सगळं समजलं होतं. निम्मे पंच थेटरात होते. मी भोंग्यातून एक वाक्य बोललो की ते थेट दुपारच्या बैठकीत जाऊन बसणार होतं. मामा बिलंदर माणूस, पण त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला.

गोष्ट सांगायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला. एरवी मी कोटवाल्याच्या चालीवर दोन विनोद करायचो, ते केले नाहीत. लोकांनाही काही तरी वेगळं चाललंय हे जाणवलं असावं. गावात बैठकीची बातमी सगळ्यांना होती. कोटवाला तिला एका हॉटेलात गाठतो आणि विचारतो, तुम्हाला घरी जायचंय का? ती नुसता कप फिरवत राहते. मी तेवढंच सांगितलं. पहिल्या वर्गात जावई पाय हलवत बसला होता.

स्टेशन आलं. बाक, नवरा, खांब. शिटी झाली. तिचा चेहरा पडदाभर पसरला आणि मी गप्प झालो.

"सांग ना मास्तर!" दारातून मामा ओरडले. मागून आरोळी आली, शेवटलं रीळ! कोणी म्हणालं, बठनी ती, कोणी म्हणालं, नही बठनी. तेवढ्यात बहिणीचा सासरा खुर्चीतून अर्धा उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "नवरा लेवाले येल शे, मंग बठनीच व्हई ती!"

पडद्यावरचा चेहरा अजून तसाच होता. मी भोंगा तोंडाशी नेला. काय बोलणार होतो, मला माहीत नाही. आडोशापलीकडून आवाज आला.

"बठनी नही ती."

बायकांच्या बाजूने कोणी बोलायची थेटरात पद्धतच नव्हती. सगळे माना वळवून बघायला लागले. आडोशावरून माझी बहीण उभी असलेली दिसत होती. पदर डोक्यावर होता आणि नजर सासऱ्याकडे होती.

"माले बी नही जानं," ती म्हणाली.

पडदा पांढरा झाला, दिवे लागले. मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं आणि लगेच थांबलं. जावई बाहेर पडला, त्याच्यामागे सासरा. आईने बहिणीचा हात घट्ट धरला होता. मामा माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच तिला शिकवून आणलं होतं. आनंद मात्र इतका झाला होता की मला ओरडावंसं वाटत होतं.

पण थेटर म्हणजे पंचायत नव्हे. बातमी आमच्या आधी घरी पोहोचली. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलंही नाही, ती आत गेली. दुपारी पंच आले, सतरंजीवर बसले, पाणी झालं, चहा झाला. सासऱ्याने सुरुवातच अशी केली की चारचौघांत आमची अब्रू गेली, तरीही मोठ्या मनाने आम्ही सुनेला न्यायला तयार आहोत. मामांनी मान डोलावली. दोन पंच तिच्या बाजूने काही बोलू पाहत होते, पण बोलता बोलता त्यांची गाडी त्या फ्रेंच बाईवर घसरली, आणि बघता बघता माझ्या बहिणीच्या बैठकीत सोनाराच्या बायकोचा वाद पेटला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि एकेकाला ओट्यावरून ढकलून द्यावं असं वाटत होतं.

शेवटी थोरल्या पंचांनी हात वर केला. वडिलांना म्हणाले, "जवाई लेवाले येल शे. तुमनं काय म्हननं शे?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. वडील काय म्हणणार ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पंचांकडे न बघता जावयाकडे वळले.

"जवाईबुवा, तुम्ही मन्ही पोरवर हात उचलतस का?"

आखाजीपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पॅरिसची बाई घरातून का निघाली याची चर्चा गावभर झाली होती, माझी बहीण का आली ते कोणी विचारलं नव्हतं. जावई बापाकडे बघायला लागला. बाप खाली बघत होता.

"घर शे," जावई म्हणाला, "थोडंफार व्हसच."

"मंग पोर आठेच ऱ्हाई, मन्हा घरमा," वडील म्हणाले आणि उठून आत गेले.