रामटेके मॅडमच्या निरोपाला कोणी प्रश्नच विचारत नव्हतं!

परवा संध्याकाळी आमच्या विज्ञान संस्थेत रामटेके मॅडमचा निरोप समारंभ होता... आणि माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

संस्था आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची. मॅडम तिच्या अध्यक्ष, आता मुलीकडे बेंगळुरूला चालल्या. मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडून शहराच्या टोकाला, बेसाला घरी बसलो होतो, तेव्हा संस्थेत येणाऱ्या पल्लवीच्या मागे मागे इथे आलो (हो, लिहून टाकलं, वाचू दे तिला). मॅडमनी कॉलेज काहून सोडलं, असं एकदाही विचारलं नाही. "झाडावर चढता येतं का रे?" एवढंच विचारलं.

तर समारंभ. एकामागून एक भाषणं... मॅडम किती मायाळू. मॅडम सगळ्यांना चहा विचारायच्या. घर सांभाळून एवढं केलं. आता अध्यक्ष होणारे डोंगरे सर तर म्हणाले, "मॅडम म्हणजे संस्थेची आई."

अरे, आई काय! ज्या बाईने अख्खा जन्म झाडांच्या सालीवरचं दगडफूल तपासण्यात घालवला, तिच्या कामावर एक वाक्य नाही? पुरुष अध्यक्ष असता तर 'घर सांभाळून' म्हणाले असते का?

आमच्याकडे रीत आहे. भाषण कोणाचंही असो, प्रश्न झाल्याशिवाय सभा उठत नाही. परवा मात्र थेट "आता आभार, मग जेवण"!

मी उभा राहिलो. शेजारून पल्लवीने शर्ट ओढला, "बस ना गा खाली. काहून तमाशा करून राहिला?" तिने ओढूनही मी बसलो नाही, यावरून राग समजून घ्या.

"डोंगरे सर, प्रश्न आहे. मॅडमनी नेमकं काय काम केलं, सांगता का?"

सर हसले. "अरे बाबू, मॅडमचं काम सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग सांगा ना!"

मागून कोणीतरी म्हणालं, "याले बाहेर काढा रे." मला वाटलं, आता मॅडमच झापणार... पण त्यांनी माईक ओढून घेतला. "डोंगरे, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. इथे त्याची लाज नसते."

सर लालेलाल. मग हळूच म्हणाले, "माहीत नाही, मॅडम."

खरं सांगतो, त्या क्षणी तो माणूस मला आवडला. थोडासाच.

मॅडम खुलल्या. "जेवायला सावजी रस्सा आहे ना? त्याच्या मसाल्यात दगडफूल असतं. त्याचीच भावकी आपल्या झाडांवर राहते. हवा बिघडली की आधी तीच घर सोडते." शहरातल्या कुठल्या रस्त्यावर ती टिकली, कुठून गेली... सांगतच राहिल्या. केटरिंगवाला दोनदा डोकावून गेला, कोणी उठलं नाही.

शेवटी डोंगरे सरांनीच हात वर केला. "आपल्या आवारातल्या झाडांवर दगडफूल आहे का, मॅडम?"

"होतं. आता नाही." अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवत मॅडम म्हणाल्या, "काहून नाही, ते आता तुम्ही शोधा."

माझा राग गेलेला नाही. बाईला आई म्हणून तिचं काम झाकणं बंद करा, एवढंच म्हणणं आहे... रविवारी सकाळी मी आणि डोंगरे सर आवारातली झाडं बघायला लागतोय. पल्लवी 'पाहू' म्हणाली आहे.

थँक्यू, मॅडम. जाता जाता आम्हाला कामाला लावलंत.