साडूंचे स्पीकर

आमच्या साडूंवर लिहा, असं घरातली माणसं मला कित्येक वर्षं सांगत आली आणि मी कधी डोळ्यांची तर कधी पाठीची तक्रार पुढे करत आलो. खरं कारण वेगळं होतं. ते शेवटी येईलच. आधी एवढं सांगतो, की सागवानावर आमच्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस सुताराच्या घराण्यातही जन्मला नसेल. आणि साडू तर वीज कंपनीच्या ऑफिसात कारकून होते.

आम्ही दोघं खानदेशातून सुरतेला नोकरीसाठी आलो आणि दोन सख्ख्या बहिणींचे नवरे झालो. थोरली, म्हणजे अक्का, त्यांची, धाकटी माझी. साडू सुरतेतल्याच कतारगाम भागात राहत. खालच्या मजल्यावर कारागीर दिवसभर हिरे घासत आणि वरच्या मजल्यावर, ऑफिस सुटलं की, साडू स्पीकर घासत. कमरेएवढे उंच, सागवानी, लाखेचं पॉलिश केलेले ते दोन स्पीकर त्यांनी एका गुजराती मिस्त्रीच्या उरावर बसून करून घेतले होते. माल पोचवताना मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, तमे तो दीकरी वळावता हो एम करो छो." लेक सासरी पाठवताना बाप करतो तसली काळजी. साडूंना ते कौतुक वाटलं. ते पुढची दहा वर्षं पाहुण्यांना सांगत.

लोक गाणं डोळे मिटून ऐकतात. साडू डोळे उघडे ठेवून ऐकत, कारण त्यांना लाकडाच्या रेषा बघायच्या असत. आवाज कुणी वाढवला तर म्हणत, "हळू, पॉलिशला हादरे बसतात." घरात पाऊल टाकणाऱ्याच्या चेहऱ्याआधी ते त्याचे हात बघत. डोक्याला खोबरेल लावून आलेल्याला लांबची खुर्ची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर ते ओला पंचा घेऊन दारात उभे राहिले आणि येणाऱ्या बायकांची बोटं पुसून घेऊ लागले. अक्का आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी समजूत काढायला गेलो, तर मलाच म्हणाले, "हळदीचा डाग आणि सासरची माणसं, साडू, एकदा आली की जात नाहीत."

पुसायला त्यांना फक्त जुनं, धुऊन धुऊन विरलेलं मलमल चाले. साऱ्या सुरतेत कापडाचे डोंगर, पण नवं कापड म्हटलं की ते शहारत. "ओरखडे पडतात!" माझे वडील गेले तेव्हा साडू रोज येऊन बसत. खरंच रडत. तेराव्याला पानावरून उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि घुटमळत विचारलं, "साडू, राग मानू नका... दादांची धोतरं मलमलची होती ना?" त्या परिस्थितीतही मला हसू फुटलं. दिली मी. पुढे वर्षानुवर्षं माझे वडील त्या स्पीकरांवरून, रेषांच्या दिशेनं, हलक्या हातानं फिरत राहिले.

एका मे महिन्यात साडूंच्या पुतण्याचं लग्न धुळ्याला निघालं. निघायच्या आधी त्यांनी स्वतः पॉलिशचा ताजा हात दिला, वर कव्हरं घातली आणि किल्ली माझ्याकडे दिली. "काही करू नका. नुसतं कोरडं फडकं. गोल नाही फिरवायचं." मी मान डोलावली.

रविवारी गेलो. घर रिकामं. त्या घरात पहिल्यांदाच मला 'हात!' म्हणून कुणी ओरडलं नाही. त्या स्वातंत्र्याची मला जराशी चढली असावी. मी कव्हर काढलं, कॅसेट लावली, आवाज हवा तेवढा वाढवला, अक्काच्या स्वयंपाकघरात चहा केला आणि वाफाळता कप, बशीसुद्धा न घेता, डाव्या स्पीकरवर ठेवला.

कप उचलला तेव्हा खाली पांढरं वर्तुळ होतं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी बँकेतला माणूस, हिशेबी डोकं. साडू लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात हे पाहिलेलं. म्हणजे पॉलिशला स्पिरिट मानवतं, तर डागही स्पिरिटनंच जाईल. बाटली काढली, फडकं भिजवलं आणि घासलं. गोल गोल. डाग गेला, आणि त्याच्याबरोबर पॉलिशही गेलं. उरलं ते चिकट लगद्यासारखं, त्यात दादांच्या धोतराचे धागे रुतलेले. मी कव्हर घातलं, कप विसळला आणि घरी आलो.

परतल्यावर साडू माझ्याकडे आले ते पडक्या चेहऱ्यानं. मी तयारीत होतो. म्हणाले, "तुम्ही घर सांभाळलंत, साडू. घात मीच केला. ओल्या पॉलिशवर कव्हर चढवलं. लग्नाची घाई नडली."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

त्यानंतर त्यांनी पॉलिशला हात लावला नाही. मिस्त्रीला बोलवू म्हटलं, तर "राहू द्या. माझ्याच हाताचा आता भरवसा नाही." पंचा गेला, कव्हरं गेली. खोबरेलवाले सोफ्यावर बसू लागले. स्पीकरवर पेपर, चष्मा, भाजीची पिशवी. एक दिवस दादांचं धोतर मला त्यांच्या स्कूटरवर, तेलानं काळं झालेलं दिसलं. अक्का म्हणायची, "सुटले बाई एकदाची." पण संक्रांतीला ती स्वतःच बायकांना म्हणाली, "बोटं पुसा हं," आणि साडूंकडे बघितलं. ते पेपर वाचत होते.

मला त्यांचं ओरडणं हवं होतं. माझ्या एका वाक्यानं ते परत आलं असतं.

साडूंना शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. अक्कानं चहा आणला. कप कुठे ठेवावा म्हणून मी इकडेतिकडे बघू लागलो, तर त्यांनी डाव्या स्पीकरकडे बोट दाखवलं. "तिथं ठेवा की. आता काय व्हायचंय त्याचं." त्या खरबरीत जागेवर मी कप ठेवला. खाली बशी ठेवली. साडू हसले, म्हणाले, "आता शिकलात."

वाक्य ओठांवर होतं. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "साखर बेताचीच आहे."

म्हणायचं होतं ते असं: साडू, तुमचा हात चांगला होता. पॉलिश वाळलं होतं. ते मी केलं. मला माफ करा.