आत्यांना उभं करताना

माझे सासरे नरसिंगराव यांचं जयनगरात गाद्यांचं दुकान होतं. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या, म्हणून मीही तसंच म्हणत आले. आमची घराणी बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिली की मूळ गाव कुठलं, ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मामा गिऱ्हाइकाशी कन्नडात तासभर बोलायचे, घरात मात्र मोजकंच, आणि आत्यांशी त्याहून कमी. "जेवायला वाढलंय," "दुकानात निघतो," एवढ्यात दोघांचा दिवस सरायचा. भांडण नव्हतं, राग नव्हता. त्यांच्या वेळची रीतच तशी. त्यांनी आत्यांना साधा हात दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्र्याण्णव साली होसकोट्याला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाढपी रसमसारखं कढत सारू घेऊन आला तेव्हा त्यांचा डावा हात पानावर उताणा पडलेला मला दिसला.

"आत्या, हात काढा, गरम आहे," मी म्हटलं.

त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काढतेय की," त्या म्हणाल्या. हात तिथंच होता. मग त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली आणि त्या माझ्या अंगावर कलंडल्या.

मुलीकडच्यांच्या गाडीतून त्यांना बेंगळुरात आणलं. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला. बोलणं जड झालं पण समजत होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम थोडं, व्यायामाचं जास्त. मामांनी मान हलवली, पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. आत्या हॉस्पिटलात असताना त्यांनी दुकानात बसून स्वतः एक गादी भरली होती. निवडलेल्या सावरीच्या कापसाची, हात ठेवला तर मनगटापर्यंत रुतेल अशी. कामगारांना हातही लावू दिला नव्हता. आत्यांना तिच्यावर निजवलं तेव्हा मामांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

"आता हिला हलवू नका कुणी," ते म्हणाले. "आयुष्यभर राबली. पडू दे निवांत."

आम्ही तसंच केलं. माझा नवरा संतोषकुमार इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्यात कामाला, सकाळीच कंपनीची बस पकडायचा. मामांनी दुकान नोकरांवर सोडलं आणि आत्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. आत्या त्या गादीत बुडून राहिल्या. कूस बदलायची म्हटलं तरी त्यांना जमेना. मी भरवत होते, पुसत होते, आणि त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. एकदा अंग पुसताना माकडहाडाजवळ कातडी सोलवटलेली दिसली. मी घाबरून हॉस्पिटलला फोन केला. तिथून जखम धुवायला नर्स आली आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला प्रतिमा आली.

प्रतिमा मंड्याकडची मुलगी, नुकतीच शिकून फिजिओथेरपिस्ट झालेली. बोलायची कन्नडात. तिनं जखम पाहिली, मग गादीवर हात दाबून पाहिला.

"आधी ही गादी काढा, अप्पाजी," ती मामांना म्हणाली.

"या गादीला काय झालं? अशी गादी अख्ख्या बेंगळुरात मिळायची नाही."

"गादी चांगलीच आहे. पण हिच्यातून तुम्ही-आम्हीसुद्धा सहज उठणार नाही. अम्मा कशा उठतील?"

"तिला उठायचंय कशाला?"

प्रतिमा आत्यांकडे वळली. "अम्मा, उठायचंय का तुम्हाला?"

आत्यांनी उजव्या हातानं न्हाणीघराकडे बोट केलं. "तिथवर," त्या म्हणाल्या. "एकटीनं."

मामा उठून बाहेर गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. मला वाटलं, रुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला गडी हातगाडीवर काथ्याची पातळ, कडक गादी आणि खाली घालायला फळी घेऊन आला. मामांनी सावरीची गादी गुंडाळून आपल्या हातांनी बाहेर नेली.

प्रतिमानं मग आम्हाला कूस बदलायला शिकवलं, पायांचे व्यायाम शिकवले. जखम भरत आली तसं तिनं आत्यांना काठावर बसवायला सुरुवात केली. बसलेल्या आत्या डावीकडे कलायच्या, पुन्हा सावरायच्या, घामानं भिजायच्या. महिनाभरानं एकदा तिनं विचारलं, "अम्मांजवळ चोवीस तास कोण असतं?"

"मामाच," मी म्हटलं.

"मग अप्पाजी, तुम्ही या इकडे. अम्मांना उभं कसं करायचं ते आज शिकायचं. समोर उभे राहा. त्यांचे गुडघे तुमच्या गुडघ्यांच्या मध्ये घ्या. दोन्ही हात त्यांच्या कमरेमागे."

मामा खांबासारखे उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "सून उभी आहे," ते पुटपुटले.

अंगात गाऊन होता, तरी आत्यांनी पदर ओढायला उजवा हात वर नेला. "काय गं पोरी हे, या वयात," त्या प्रतिमाला म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात निघून आले. मागं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग एक-दोन-तीन मोजणाऱ्या प्रतिमाचा: "ओंदु, एरडु, मूरु. हं, उठा!" लगेच आत्यांची किंकाळी.

मी धावत गेले. मामांनी गादीचा गठ्ठा खांद्यावर घ्यावा तसं त्यांना एका हिसक्यात वर ओढलं होतं, आणि ओढलं होतं ते लुळ्या हाताला धरून. आत्यांचा खांदा दुखावला. मामांच्या कमरेत उसण भरली, ते भिंतीला धरून उभे होते. प्रतिमानं आत्यांना हळूच निजवलं, खांद्याखाली उशी दिली. वारं गेलेल्या अंगाचा खांदा असा ओढायचा नसतो हे तिनं नंतर आम्हाला समजावलं. ते दुखणं कमी झालं, पण आत्यांना ते शेवटपर्यंत पुरलं.

त्यानंतर मामा आत्यांना हात लावेनात. खुर्ची दाराशी नेली आणि तिथूनच पाहत राहायचे. प्रतिमा आली की उठून अंगणात जायचे. मी प्रयत्न केला, पण आत्या मला उभं करू देईनात. "तुझ्या अंगावर पडेन," म्हणायच्या. असे कितीतरी दिवस वाया गेले. बसणंही मागं पडायला लागलं.

एका दुपारी मी आत्यांना काठावर बसवून चहा देत होते, मामा दाराशी होते. आत्यांनी कप बाजूला करायला सांगितला आणि मामांकडे पाहून म्हणाल्या, "ऐकताय का?"

"काय?"

"मला गादीसारखं उचलू नका. मी उठते. तुम्ही नुसतं पडू देऊ नका."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप घेऊन निघाले तर आत्या म्हणाल्या, "राहू दे तिला. किती दिवस लाजायचं?"

मामा हळूहळू खुर्चीतून उठले. आत्यांच्या समोर उभे राहिले, गुडघे लावले, हात कमरेमागे घेतले. आत्यांनी उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. मामांनी मोजलं नाही की ओढलं नाही. आत्या पुढं झुकल्या, त्यांचं कपाळ मामांच्या छातीला टेकलं, आणि मग अगदी सावकाश त्यांचं अंग पलंगावरून सुटलं. त्या उभ्या होत्या. मामांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"स्वल्प थांबा," आत्या म्हणाल्या. "लगेच बसवू नका."

पुढचं सगळं हळू झालं. चार पायांची काठी आली. डावा पाय फरफटत का होईना, टाकता येऊ लागला. मामा डाव्या बाजूला, आत्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून. पावसाळा सरताना एकदा आत्या न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी दार आतून लोटून घेतलं. मामा बाहेर उभे होते. मधूनमधून म्हणायचे, "अगं, आहेस ना?" आतून उत्तर यायचं, "आहे, आहे."

हात मात्र हलेना. आत्यांनी एकदा प्रतिमाला सरळ विचारलं. "हात येणार की नाही? खोटं सांगू नको."

प्रतिमा त्यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडत होती. ती थांबली. "बोटं थोडी हलतील, अम्मा. कामाचा हात परत येईल असं मला वाटत नाही."

"सरी, बरं मग," आत्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी आणखी व्यायाम केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मामा पायथ्याशी बसून होते, आणि मी पहिल्यांदा त्यांना आत्यांच्या पावलावर हात ठेवून बसलेलं पाहिलं.

तोवर आत्यांना आम्ही गाऊन घालत होतो. त्यांना तो आवडत नसे, पण हात येईल या आशेवर त्या काही बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी साडी मागितली. एका हातानं निऱ्या होत नाहीत. मी पुढं झाले, तर मामाच म्हणाले, "मी करतो. तू दाखव एकदा." मी माझ्याच पदराच्या करून दाखवल्या. जाड दाभणाची सवय असलेली ती बोटं, त्यांना सुती साडी धरवेना. निऱ्या एक रुंद, एक अरुंद झाल्या. आत्या खोलीबाहेर आल्यावर मी निऱ्या सारख्या करायला वाकले तर त्या म्हणाल्या, "असू दे. त्यांनी केल्यात." पुढं रोज मामाच निऱ्या घालायचे. सुधारल्या, पण कधीच सारख्या झाल्या नाहीत.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात मामा गेले. दुपारचे दुकानात डोकवायला म्हणून गेले होते. गाद्यांच्या चळतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत.

त्यांना घरी आणलं, बाहेरच्या खोलीत ठेवलं. नात्यातल्या बायका म्हणाल्या, आत्यांना आतच राहू द्या, सोसायचं नाही. आत्यांनी मला हाक मारली.

"समोर ये," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला गुडघा लाव. ओढू नको हं. मी उठते."

मी त्यांना धरलं. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या हे मला ठाऊकच नव्हतं. काठी टेकत त्या बाहेर आल्या. बायकांनी वाट दिली. मामांच्या उशाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी नको म्हटली.

मामांचे दिवस झाल्यावर त्यांनी चालणं सोडलं. व्यायाम नाही, काठी नाही. मी समजावलं, संतोष रागावला, काही उपयोग झाला नाही. मी प्रतिमाला निरोप धाडला. तिचं लग्न होऊन ती मल्लेश्वरमला राहायला गेली होती, तरी आली. आत्यांनी तिचा हात धरला.

"कुणासाठी चालू, सांग मला."

प्रतिमा त्यांच्याजवळ बसून राहिली. "मला नाही सांगता येत, अम्मा," ती म्हणाली. निघताना दारात तिचे डोळे भरले होते.

होळीच्या सुमाराला मला ताप आला. संतोष कामावर गेलेला, घरात आम्ही दोघीच. ग्लानीत मी बहुतेक पाणी पाणी म्हणत होते. डोळे उघडले तर माझ्या खोलीच्या दारात आत्या उभ्या होत्या, एकट्या, काठी धरून. पाय अजून लटपटत होता.

"पाणी हवंय का?" त्यांनी विचारलं.

मी पाहत राहिले. त्यांच्या चालत्या हातात काठी होती, दुसरा हात पोटाशी मुडपलेला. पाणी आणायला त्यांच्याकडे हातच नव्हता. हे त्यांच्याही त्याच क्षणी ध्यानात आलं असावं. मग त्या सावकाश येऊन माझ्या पलंगाच्या काठावर बसल्या, काठी भिंतीला टेकवली आणि मोकळा झालेला हात माझ्या कपाळावर ठेवला.

"संतोष येईल आता," त्या म्हणाल्या. "तोवर मी आहे."

संध्याकाळी तो आला तेव्हा त्या तिथंच होत्या. त्यानंतर रोज चालल्या असं नाही. काही दिवस चालायच्या, काही दिवस नको म्हणायच्या, आणि मी बळजबरी करत नसे. नव्व्याण्णवच्या थंडीत छाती भरली आणि त्या गेल्या. त्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत न्हाणीघरात त्या आपल्या पायांनी जात होत्या.