टपावरच्या डब्याची गाठ

मला दोर बांधता येतो, असा माझा बरीच वर्षं समज होता.

गेल्या वर्षी निपाणीजवळ सासुरवाडीला जाताना गाडीच्या टपावर बांधलेली गादी हमरस्त्यात पडली (मागच्या ट्रकवाल्याचे शब्द मी अजून घरात सांगितलेले नाहीत). म्हणून यंदा मोबाईलवर बघून एक पक्की गाठ शिकलो. ओढाल तितकी आवळते आणि मोकळं टोक ओढलं की चटकन सुटते.

त्या दिवशी सासूबाईंचं व्रत होतं. दिवसात एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. (आम्हा जैनांत एरवीही मावळल्यावर कुणी जेवत नाही.) "दुपारचं जेवण बेळगावहून आम्ही आणतो," हे मीच पुढे होऊन सांगितलेलं. गाडीत माणसं भरली, म्हणून जेवणाचा पितळी डबा टपावर चढला. झाकणावरून दोर घेऊन मी गाठ मारली.

पण जीव राहीना. काकतीला थांबून तपासली, वर आणखी एक मारली. हत्तरगीला पुन्हा एक. संकेश्वरला बायको म्हणाली, "अहो, डब्यात जेवण हाय का दरोडेखोर?"

मी अजून एक मारली.

अशा रीतीनं दर थांब्याला तास-दीड तास घालवत दुपारचं जेवण संध्याकाळी पोहोचलं. ऊन उसाच्या शेंड्यावर आलेलं. सासूबाई पाटावर बसूनच होत्या.

मोकळं टोक सापडेना. सापडलं ते ओढलं, तर गाठ आणखी आवळली.

"पाव्हणं, इळा आणू काय?" सासरे म्हणाले.

"नको आप्पा, आता सुटेल."

"दिवस काय तुमच्या गाठीसाठी थांबनार न्हाय."

मी दात लावले. दोर नायलॉनचा, दात घरचे. त्यातलं जे ढिलं होतं ते हललं.

शेवटी बायको टपावर चढली आणि विळ्यानं दोर कापून मोकळी झाली. सूर्याची कड दिसत होती तेवढ्यात सासूबाई जेवल्या, बाकीच्यांनीही घाईनं उरकलं. अपराधी वाटून मी वाढतच राहिलो. मग ताट घेऊन बसलो, तर आप्पांनी पश्चिमेकडं बघितलं.

"मावळला की वं."

"उद्या उजाडल्या उजाडल्या पहिलं त्यास्नी वाढ गं," सासूबाई लेकीला म्हणाल्या.

उपाशीपोटी अंगणात आलो. टपावर कापलेला दोर लोंबत होता, गाठ मात्र जशीच्या तशी. आयुष्यात माझ्या हातून एवढं एकच काम पक्कं झालंय, आणि त्यावर बायकोला विळा उचलावा लागला.