दगडानं पुसलेले अंगठे

आमच्या घरात चार माणसं जमली आणि चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "ती अंगठ्याची सांगा." मग मी आढेवेढे घेतो, म्हणजे पेला खाली ठेवायला लागतो तेवढा वेळ घेतो, आणि सुरू होतो. लग्नात सांगितली, बारशात सांगितली. एकदा कुणी वारल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सुरू केली तेव्हा बायकोनं मांडीला असा चिमटा काढला, की वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्या गोष्टीत मी फार हुशार असतो. खऱ्यात किती होतो ते पुढं येईलच.

बहात्तरचा दुष्काळ. वाशीकडं जाणारा एक रस्ता सरकारनं काढला होता आणि अख्खं गाव त्यावर खडी फोडायला बसलं होतं. पाटलाची सून आणि आमची आई शेजारी शेजारी. मधी फक्त दगड. मी मॅट्रिक झालेला, म्हणून मला हजेरी कारकून केलं. आई, चुलते आणि लग्नाला सहा महिने झालेली माझी बायको, सगळे उन्हात. मी ताडपत्रीच्या सावलीत, मांडीवर मस्टर, पुढ्यात जांभळ्या शाईचं पॅड. बायको हातोडा बाजूला ठेवून म्हणायची, "सावलीत बसून एवढं काळवंडलाव. उन्हात बसवलं तर सापडणार बी न्हाईत." आजूबाजूच्या बाया हसायच्या. मी मस्टरमध्ये उगाच काहीतरी खोडायचो.

दिवस बुडायच्या आधी माणसं ओळीनं यायची आणि नावापुढं अंगठा द्यायची. पहिला महिना ठसे बरे उठले. मग उठेनासे झाले. एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्यानं हातोडा; दोन्ही अंगठ्यांची कातडी गुळगुळीत होऊन गेली. पॅडवर कितीही दाबा, कागदावर नुसता जांभळा डाग. तालुक्याहून तपासणीला आलेले साहेब मस्टर चाळून माझ्यावर खवळले.

"काय रे, एकाच माणसाचे अंगठे घेतोस का सगळ्यांच्या नावावर?"

मी उठून उभा राहिलो आणि माझी टोपी पॅडमध्ये पडली. आईच पुढं आली. तिनं साहेबांच्या नाकासमोर अंगठा धरला. "बघा सायेब. कायबी ऱ्हायलं न्हाय त्यात. माझाच अंगठा मला वळखू येत न्हाय." साहेबांनी दहा-बारा जणांचे हात पाहिले. मग गुपचूप मस्टरच्या कडेला लिहिलं, 'मजुरांचे ठसे उमटत नाहीत, समक्ष पाहिले,' आणि सही केली. ती ओळ पुढं किती कामाला येणार आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. टोपीचा डाग मात्र गेला नाही.

त्याच उन्हाळ्यात गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. सोसायटीच्या दुकानातून मिलो मिळायची, ती लाल ज्वारी, जिची भाकरी थापताना बायका रडकुंडीला यायच्या; पण तीच खाऊन गाव जगत होतं. आमच्या वस्तीची पाळी आली की मिलो संपलेली असायची. चेअरमन म्हणायचे, "वरूनच कमी आली." तीनदा असं झालं. चौथ्यांदा माझ्या चुलत्यांनी तालुक्याला जाऊन अर्ज भरला. आमच्या वस्तीतून सोसायटीला उभं राहिलेला पहिला माणूस.

तिथून पुढं काही घडत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. एक जीप रोडच्या कडेला येऊन उभी राहायची. कुणी उतरायचं नाही, कुणी बोलायचं नाही. तासाभरानं निघून जायची. माणसं हातोडा उचलायची आणि आधी जीपकडं बघून मग मारायची. एका सकाळी चुलत्यांनी आठवडाभर रचलेला खडीचा ढीग शेजारच्या नाल्यात पसरलेला होता. चुलत्यांनी धोतर खोचलं आणि एकेक दगड वेचून आणायला लागले. बाकीचे बघत राहिले. मी मस्टर बघत राहिलो.

मग एकदा जीपमधून चेअरमनचा भाचा उतरला. पांढरे कपडे, पायात करकरणारी चप्पल. ताडपत्रीखाली येऊन माझ्याशेजारी बसला.

"काय कारकूनसायेब, जयभीम."

तो जयभीम त्यानं असा म्हटला, की मी नुसती टोपी नीट केली.

त्यानं माझं पॅड उचललं, त्यात अंगठा बुडवला आणि मस्टरच्या कोऱ्या पानावर सावकाश लोळवला. नुकत्याच नांगरलेल्या रानासारखा स्वच्छ ठसा, वळण न् वळण मोजून घ्यावं असा. "शाई झकास हाय," तो म्हणाला. "न्हेऊ का? इलेक्शनला लागंल."

पॅड सरकारी होतं. द्यायचा मला अधिकार नव्हता. घरी गोष्ट सांगताना मी म्हणतो, त्यानं ते हिसकावून नेलं. हिसकावलं नव्हतं. मी म्हणालो, "न्या की," आणि वर झाकणही लावून दिलं.

मतदानाच्या दिवशी रोडचं काम बंद ठेवायला हवं होतं; ठेवलं नाही. मुकादमानं सांगितलं, आधी खडीचं माप पुरं करा, मग जावा मत द्यायला. मापं पुरी होईपर्यंत दुपार कलली. आई सभासद होती, वडिलांच्या माघारी दोन एकर मुरमाड तिच्या नावावर लागलं होतं. ती, चुलते आणि वस्तीतली आणखी माणसं तोंडावर पाणी मारून शाळेकडं निघाली. मीही मागं निघालो. मला मत नव्हतं. मी नुसताच निघालो होतो.

शाळेच्या खोलीत टेबलामागं निवडणुकीचे साहेब, समोर यादी, यादीशेजारी माझं पॅड. दाराला आणि खिडकीला भाच्याची माणसं.

आईनं नाव सांगितलं. साहेबांनी यादीवर बोट फिरवलं आणि मान वर न करता म्हणाले, "तुमचं झालंय."

"काय झालंय?"

"मत. हा काय अंगठा."

आई वाकली. यादीवर तिच्या नावापुढं जांभळा ठसा होता, स्वच्छ, वळण न् वळण दिसणारा. तिच्या वरच्या नावापुढं तसाच. खालच्याही. पानभर तसेच. आई अडाणी होती, पण महिनोन्‌महिने तिनं मस्टरवर आपला डाग पाहिला होता. ती हसलीच आधी.

"सायेब, गावात असला अंगठा कुणाला ऱ्हायलाय? आमचे समद्यांचे दगडानं पुसले."

ज्यांनी तो उद्योग केला होता त्यांनी त्या साली हातोडा हातात धरला नव्हता, म्हणून आमचे अंगठे गेलेत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकाच माणसानं सकाळपासून बसून आख्खी यादी भरली होती, आणि कुणाचा अंगठा कसा असतो याचा विचार करायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

चुलते पुढं झाले आणि त्यांनी उजवा पंजा यादीवर ठेवला. "ही यादी हितनं हलायची न्हाय," ते म्हणाले. "कलेक्टरला बोलवा, न्हायतर कुणालाबी बोलवा. तवर हात ऱ्हाईल इथंच."

"हात काढा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"न्हाय."

आमच्यातल्याच कुणाचा तरी हातोडा दारात टेकवलेला होता. रोडवरून थेट आलेली माणसं. भाच्यानं तो उचलला. त्याला घाई नव्हती. टेबलाजवळ आला, एकदा चुलत्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पंज्यावर मारलं. मग परत मारलं. दगड फुटतो तो आवाज मला पाठ होता. हा वेगळा होता. चुलत्यांनी हात काढला नाही, त्यांना काढता येईना. आईनं तो उचलला, ओच्यात घेतला. साहेबांनी माझ्या पॅडचं झाकण लावलं, बाजूला सरकवलं आणि यादी दप्तरात ठेवली.

खोलीत आम्हा तिघांशिवाय पंधरा तरी माणसं होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा पंधराही जण खिडकीबाहेर बघत होते. खिडकी एकच होती, तीही हातभर रुंदीची.

चुलते मात्र गप्प बसले नाहीत. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातानं शाळामास्तरांना धरून त्यांच्याकडून अर्जावर अर्ज लिहून घेतले. सहकार खात्याचे एक चौकशी अधिकारी आले आणि त्यांनी मला निरोप धाडला: मस्टर घेऊन यावं.

दुसऱ्याच दिवशी भाचा ताडपत्रीखाली हजर.

"मस्टर पावसात भिजलं म्हणून सांगा."

"पावसात?" माझ्या तोंडून निघून गेलं. दीड वर्ष गावानं ढग पाहिला नव्हता.

तोही हसला. मोकळेपणानं, दोस्तासारखा. "व्हय, ते बी खरंच. मग उंदरानं खाल्लं म्हणा. उंदीर तरी हायत का न्हाईत गावात?" मग उठता उठता उन्हातल्या बायकांच्या रांगेकडं बघून म्हणाला, "मालकीणबाई तिकडं खाणीच्या बाजूला बसतात न्हवं? सुरुंग लावतात तिथं. जरा अलीकडं बसवा. दिवस बरे न्हाईत."

मी त्या दिवशी पाच वेळा पाणी प्यालो. आईला सांगितलं, तर तिनं मस्टर घेतलं, भाकरीच्या फडक्यात बांधलं, वर दोन मिरच्या ठेवल्या आणि माझ्या आधी चालायला लागली. मी तिच्या मागं. चौकशीच्या खोलीत मस्टर आणि यादी शेजारी शेजारी उघडली गेली. इकडं पानंच्या पानं नुसते डाग आणि कडेला तपासणी साहेबांची ती ओळ. तिकडं एकाच पोसलेल्या अंगठ्याची रांग. अधिकाऱ्यांनी दोन्हीकडच्या पानांवर एकेक नावापुढं बोट ठेवून पाहिलं. निवडणूक रद्द झाली.

घरी गोष्ट इथं संपते. इथं सगळे हसतात, पोरं टाळ्या वाजवतात, मी पेला उचलतो. चुलतेही हसतात, डाव्या हातात बशी धरून.

पुढचं मी सांगत नाही. पुन्हा निवडणूक लागली तेव्हा गावातून विरोधात एकही अर्ज आला नाही आणि भाचा बिनविरोध निवडून आला. मिलो आमच्या वस्तीपर्यंत यायच्या आधीच संपत राहिली. चुलत्यांचा हात बसला तो वाकडाच. बोटं मिटायची नाहीत. आणि दोन वर्षांनी मारहाणीचा खटला उभा राहिला, त्यात साक्षीदार म्हणून मी एकटाच उरलो होतो. आईला बोलवलंच नाही. ती घरातली बाई म्हणून तिची जबानी कुणी धरली नाही. तिच्याच पोटचा मी, पण मी कारकून होतो, कागदावरचा माणूस, तेवढ्यानं चाललो.

त्या महिन्यात मला कायमची नोकरी लागायची होती आणि शिफारशीच्या कागदावर सोसायटीची सही लागत होती. याबद्दल मला कुणीही एक शब्द बोललं नाही. भाचा कोर्टात मागच्या बाकावर बसला होता, तेच पांढरे कपडे, आणि माझ्याकडं बघून त्यानं ओळखीची मान हलवली.

शिपाई म्हणाला, ईश्वराची शपथ घ्या. मी ताठ उभा राहून सांगितलं, आम्ही बौद्ध, ईश्वराची शपथ घेत नाही, मी सत्यप्रतिज्ञेवर सांगेन. हे चुलत्यांनीच मला शिकवलं होतं. कोर्टानं कौतुकानं पाहिलं. माझी छाती फुगली. मग वकिलांनी विचारलं, हातोडा कुणी मारला?

मी म्हणालो, "मी दहा-बारा हात लांब होतो. आणि खाली बघत होतो."

बाहेर लिंबाखाली चुलते भेटले. "चल, गाडी निघंल," एवढंच म्हणाले. वाटेत माझी पिशवी त्यांनी डाव्या हातात घेतली. भाचा सुटला. मला नोकरी लागली. त्या नोकरीवर माझी मुलं शिकली.

आता माझी पन्नाशी उलटलीय. थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या निवडणुकीत तिला मतदान केंद्रावर ड्युटी लागली, तीही आमच्याच भागातल्या एका गावात, जिथं भाच्याचा मुलगा उभा होता. भाच्याला सगळा तालुका आता साहेब म्हणतो. मुलीच्या मनात धाकधूक होती. निघायच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर म्हणाली, "अंगठ्याची सांगा ना, बाबा."

मी सांगितली. मस्टर उघडलं, निवडणूक रद्द झाली, पेला उचलला. ती हसली नाही.

"मग आजोबांचा हात कुणी मोडला? त्याचं काय झालं?"

एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी चुलत्यांकडं पाहिलं. ते खाटेवर बसले होते, वाकडा हात मांडीवर. "सांग की," ते म्हणाले. "तिला उद्या तिथं बसायचंय."

मग मी सांगितलं. पॅड मी दिलं तिथून सुरुवात केली आणि कोर्टापर्यंत आलो. बायको खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिला ठाऊक होतं, तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. सुरुंगाचं मात्र तिला नव्हतं. तिचा हात सुपातच थांबला.

"तुम्ही खाली बघत नव्हता," मुलगी म्हणाली.

"नाही. तोंडाकडंच बघत होतो त्याच्या. पण मी दहा-बारा हात..."

"दोन," चुलते म्हणाले. रागानं नाही, मापं घ्यायची सवय असलेला माणूस बोलतो तसं. डावा हात पुढं करून त्यांनी खाटेपासून माझ्या गुडघ्यापर्यंतचं अंतर दाखवलं. "एवढं. दोन हात. माझ्या हातातलं रगात तुझ्या सदऱ्यावर उडालं हुतं. तुझ्या आईनं धुतला तो सदरा."

मुलगी सकाळी पहिल्या एसटीनं ड्युटीवर गेली. मी तिला सोडायला फाट्यापर्यंत गेलो. तिच्या पिशवीत मतदार यादी होती. गाडीत चढताना ती वळली, माझ्याकडं बघितलं, काहीतरी विचारणार होती. कंडक्टरनं घंटी मारली.