झांझिबारची मिस्सा

फिलोमिनाबाई कुणाच्याही लग्नाला जात नसत. लंडनजवळच्या आमच्या पिनरमधल्या कितीतरी मराठी नवऱ्यामुलींचे ब्लाउज त्यांच्या मशीनवर शिवले गेले, पण अक्षता टाकायला त्या कधी आल्या नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नावरून मी रुसले, तेव्हा तोंडातली टाचणी काढत म्हणाल्या, "ब्लाउज आलाय ना लग्नाला? मग मी आलेच की." लोक त्यांना शिष्ट म्हणत. मीही बरेच दिवस म्हटलं.

त्या मूळच्या वसईच्या, कॅथलिक. जन्म मात्र झांझिबारचा; वडील तिथे कस्टम्समध्ये कारकून होते. तिथलं राज्य उलथलं तेव्हा घर लंडनला आलं. पिनरला आमच्या बागांमध्ये एकच कुंपण होतं. दोघींचे नवरे गेल्यावर संध्याकाळचा चहा एकत्र होऊ लागला. मी शाळेच्या लायब्ररीत आयुष्य काढलेली. त्यावरून त्यांचे टोमणे चालत. "वाचून वाचून फार मऊ झालात, ताई. भाकरी मऊ असावी, माणूस नको."

डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचं खरं काय ते सांगितलं, त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "जुनी चर्चेस तुम्ही पुस्तकात बघत बसता. चला, एक खरं दाखवते." मला वाटलं, शेवटचं देवदर्शन असावं. झांझिबारच्या बोटीवर, कॅथीड्रलचे दोन मनोरे दिसायला लागल्यावर, त्यांनी पहिल्यांदाच अंतोनचं नाव काढलं. अंतोन त्यांचा थोरला भाऊ. चर्चमध्ये गाणाऱ्या रोझ नावाच्या आफ्रिकन मुलीशी त्याने याच कॅथीड्रलमध्ये लग्न केलं होतं आणि तो इथेच राहिला होता.

"धर्म एक, चर्च एक, बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा एक. रंग तेवढा वेगळा," त्या म्हणाल्या. "बाबांनी सांगितलं, कुणी जायचं नाही. रोझचा फ्रॉक मी शिवला होता, चोरून. फ्रॉक गेला. मी घरात बसून घंटा ऐकली."

"कोंडून ठेवलं होतं तुम्हाला?"

"छे हो. दार सताड उघडं होतं."

"आणि नंतर? पत्र वगैरे?"

"काय लिहायचं, ताई? हवापाणी?"

बंदरातून इतके ठळक दिसणारे ते मनोरे गल्ल्यांत शिरलं की नाहीसे होतात. मी नकाशा उलटासुलटा करत होते. फिलोमिनाबाई काठी टेकत, एकदाही न थांबता कॅथीड्रलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत भिंतींवरची चित्रं ओलीने फिकटली होती. फादरांकरवी त्यांनी भावाला निरोप धाडला होता. अंतोन आले, मुलीचा हात धरून, आणि आमच्याच बाकावर बसले. पूर्ण मिस्साभर, म्हणजे वेदीवरची प्रार्थना संपेपर्यंत, त्यांनी वेदीवरची नजर हलवली नाही. फिलोमिनाबाईंनीही नाही. दोघांचं नाक मात्र अगदी एक होतं.

मिस्सेत एक क्षण येतो, सगळ्यांनी शेजाऱ्याचा हात हातात घेऊन शांती द्यायची असते. अंतोनच्या मुलीने आत्याचा हात दोन्ही हातांत धरला. अंतोननी वाकून माझा हात घेतला. मी त्यांची कोण, धर्माचीही नव्हे. मग फिलोमिनाबाईंनी हात पुढे केला. अंतोननी त्या हाताकडे नीट पाहिलं आणि आपले दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले. तो हात तसाच राहिला. शेवटी मागच्या बाकावरच्या एका बाईने तो घेतला.

बाहेर उन्हात त्या म्हणाल्या, "दादा, चहा तरी घेऊ या."

"चहा घरी होतो, फिलू. घर आहे तिथेच आहे." त्यांचं मराठी गंजलं होतं, पण अडत नव्हतं. "रोझ असती तर तिने घेतला असता तुझा हात. ती माझ्याहून चांगली होती. तू तिच्या मरणाची वाट बघितलीस."

ते गल्लीत वळले. मुलीने एकदा मागे वळून पाहिलं.

परतताना मी म्हटलं, या वयात त्यांनी मन मोठं करायला हवं होतं. फिलोमिनाबाई फाडकन म्हणाल्या, "तुमची पुस्तकं माणसाला फार लवकर माफ करतात. बरोबर केलं त्याने."

पुढे हॉस्पिटलात, बोलताना धाप लागायची तेव्हा, मी अंतोनना फोन लावू का म्हणून विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "नको. मरणाऱ्याने माफी मागितली की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. ती जबरदस्ती झाली. नाही म्हणायचा हक्क आहे त्याला. तो तरी राहू दे." मग छताकडे बघत म्हणाल्या, "त्याला कळवाल तेव्हा नुसतं कळवा. बाकी काही बोललात तर बघा."

पिनरच्या चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला अकराजणं होती. त्यांचा ब्लाउज घालून बोहल्यावर चढलेल्यांपैकी एकच आली. फादरांनी 'शांत, समाधानी आयुष्य' असं काहीसं सांगितलं. मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

घरी येऊन अंतोनना फोन केला. गेल्याचं सांगितलं.

"शेवटी माझं काही बोलली?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही. पलीकडे त्यांची मुलगी त्यांना हाका मारत होती, आधी लांबून, मग अगदी जवळून. त्यांनी ओ दिली नाही.