सिस्टरबाईंची गाडी आणि स्क्रीनची अट

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरबाईच म्हणते. सुई टोचून त्यांनी भल्याभल्यांना रडवलंय, पण पोटच्या पोरापुढे बाईंची मांजर होते.

हातातल्या फोनवर नकाशा बघता बघता त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि चिरंजिवांना आयतं निमित्त मिळालं.

"आई, रविवारपर्यंत फोन गाडीच्या स्क्रीनला जोडून दाखव. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

किल्ली गेली की शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीकडे जायचं कसं? तिला न्हाऊ घालणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग पार्किंगमध्ये रोज फुकटचा तमाशा. बाईंनी वायर बदलली, फोन बंद-चालू केला, गाडी बंद-चालू केली. स्क्रीन ढिम्म.

"सिस्टर, सलाईन लावून बघा," तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले.

"आधी तुमच्या जिभेला टाके घालते."

शनिवारी कुठे घोडं पेंड खातंय ते कळलं. पहिल्याच दिवशी फोनने विचारलं होतं, गाडीला जोडू का? बाईंनी 'नको' दाबलं होतं. फोन काहीही विचारो, नको म्हणायचं, हे फसवणुकीच्या धास्तीने चिरंजिवांनीच पढवलेलं. एकदा नकार मिळाल्यावर फोनने पुन्हा विचारायची तसदी घेतली नव्हती. बाईंनी फोनमधून गाडीचं नाव पुसलं, जोडणी पहिल्यापासून केली आणि या खेपेला 'हो' दाबलं. स्क्रीनवर नकाशा उमटला.

रविवारी चिरंजिवांनी तो पाहिला.

"जमलं की तुला."

"मग किल्ली राहू दे माझ्याकडे?"

"तसं नाही गं. गाडी मी मेव्हण्याला कबूल करून बसलोय. तुला जमेल हे मला काय माहीत?"

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. भांडल्या असत्या तर निदान आम्हा शेजाऱ्यांना ऐकायला तरी मिळालं असतं.

परवा बसच्या दांड्याला लटकून त्या बहिणीकडे निघाल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मेव्हण्याचा फोन जोडलाच जात नाहीये. स्क्रीनवर तुझंच नाव येतंय. काय करू?"

"माझं नाव काढून टाक," बाई म्हणाल्या. "मग त्याचा लागेल."

कुठून काढायचं, कुठलं बटण दाबायचं, हे त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. तोवर त्यांचा थांबा मागे गेला होता.